तालमीची वेळ: पालकत्व, सुगम्यता आणि मराठी नाट्यदिग्दर्शन

भाकरीचं गाठोडं घेऊन डोंगराकडे निघालेल्या आवलीच्या पायात बाभळीचा काटा मोडतो. ती पोटुशी आहे. पाय टेकवत नाही, पण चूल तर पेटायला हवी. मग खुद्द रखुमाई लखूबाई होऊन तिच्या घरी येते आणि जखम भरेपर्यंत तिची उस्तवार करते. नाशिकच्या प्राजक्त देशमुख यांनी लिहून दिग्दर्शित केलेल्या ‘संगीत देवबाभळी’ची ही गोष्ट. २०१७च्या डिसेंबरात हे नाटक व्यावसायिक रंगभूमीवर आलं आणि संहितेला साहित्य अकादमीचा २०२०चा युवा पुरस्कार मिळाला. गरोदर आणि काही दिवसांपुरत्या अधू झालेल्या बाईचं कोणी करायचं, हा प्रश्न या नाटकानं गावोगावच्या प्रेक्षकांपुढे ठेवला.

पडद्याच्या मागे, म्हणजे तालमीच्या हॉलमध्ये, हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा आहे. दिग्दर्शक लहान मुलाची आई किंवा बाप असेल तर तालीम किती वाजता ठेवायची? दिग्दर्शकाला दिसत नसेल, ऐकू येत नसेल, पायऱ्या चढता येत नसतील तर नाट्यगृहात तो कुठवर पोचू शकतो? आणि या अडचणी दोन आहेत की एकाच मुळाला फुटलेल्या दोन फांद्या? दिग्दर्शन हेच आयुष्याचं काम मानणाऱ्यांसाठी या प्रश्नांवरची चर्चा आज कुठे आली आहे, ते क्रमानं पाहू.

कंपनीच्या बिऱ्हाडातून आलेला दंडक

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं. त्यानंतरची कित्येक दशकं नाटक मंडळी म्हणजे फिरतं बिऱ्हाड होतं. सोबत आचारी, पेट्या, पंगती आणि कंपनीतच लहानाची मोठी होणारी मुलं. ‘दिग्दर्शक’ हा शब्द रुळण्याआधी ‘तालीम मास्तर’ होते. घर आणि काम एकाच छपराखाली असल्यामुळे मुलाला कुठे ठेवायचं, हा प्रश्न त्यांच्यापुढे येतच नसे. बहुतेक मंडळ्यांत स्त्रियांना कामाची जागाच नव्हती, हे त्यामागचं दुसरं कारण. स्त्रीभूमिकाही पुरुषच करत.

याच काळातली एक हकीकत मराठी नाट्यसृष्टी आजही आदरानं सांगते. मार्च १९११मध्ये मुंबईत ‘संगीत मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी गेली. बालगंधर्व प्रयोगाला उभे राहिले, प्रयोग झाला. त्या माणसाचं दुःख आणि त्याचा संयम दोन्ही मोठे होते, यात शंका नाही. पण एका बापानं स्वतःपुरता घेतलेला निर्णय पुढे सगळ्यांसाठी दंडक होऊन बसला. घरात काहीही होवो, तिसरी घंटा झाली की पडदा वर गेलाच पाहिजे, ही शिस्त त्यातून आली. नाट्यशिबिरांत आजही ती शिकवली जाते, आणि ज्यांना ती पाळणं परवडत नाही ते आपसूक गळतात.

१९३३ साली नाट्यमन्वंतर संस्थेनं ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणलं आणि त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. मराठी रंगभूमीच्या इतिहासातलं हे मोठं वळण. या लेखाच्या विषयासाठी त्या नाटकाचं नावही बोलकं आहे. त्यातलं आंधळेपण रूपकापुरतं आहे, दृष्टिहीन माणसाशी त्याचा संबंध नाही. १९४२मध्ये मो. ग. रांगणेकरांच्या ‘कुलवधू’नं संसार आणि स्त्रीचं कलाक्षेत्रातलं काम यांतला ताण थेट कथेत आणला. म्हणजे नाटकाच्या विषयात घर केव्हाच आलं होतं. तालमीच्या वेळापत्रकात ते आलं नव्हतं.

विजयाबाई आणि सुलभाताई

स्त्री-दिग्दर्शकांचा विषय निघाला की पहिलं नाव येतं विजया मेहतांचं. १९६०मध्ये त्यांच्या पुढाकारानं ‘रंगायन’ ही नाट्यसंस्था उभी राहिली. पती हरीन खोटे यांच्या अकाली निधनानंतर विजयाबाईंच्या पदरात दोन लहान मुलगे होते. हरीन हे अभिनेत्री दुर्गा खोटे यांचे चिरंजीव, आणि दुर्गाबाईही ऐन तारुण्यात दोन मुलग्यांसह विधवा झाल्या होत्या. एकाच घरात सासू आणि सून दोघींनी हे सोसलं आणि दोघींनी आपापलं काम सोडलं नाही. विजयाबाईंनी पुढे दुसरा संसार मांडला, मुलगीही झाली, आणि ‘संध्याछाया’, ‘अजब न्याय वर्तुळाचा’, ‘बॅरिस्टर’, ‘हमिदाबाईची कोठी’, ‘महासागर’ अशी एकाहून एक नाटकं त्यांनी बसवली. २०१२मध्ये आलेल्या ‘झिम्मा’ या आत्मकथनात नाटक आणि संसार दोन्ही आहेत. ‘अजब न्याय वर्तुळाचा’ हे ब्रेख्तच्या नाटकाचं चिं. त्र्यं. खानोलकरांनी केलेलं रूपांतर. आई कोण, जिनं जन्म दिला ती की जिनं वाढवलं ती, हा त्याचा गाभा.

विजयाबाईंचं उदाहरण दोन्ही बाजूंचे लोक देतात. काहींच्या मते जिद्द असेल तर मूल आड येत नाही, याचा हा पुरावा आहे. इतरांचं म्हणणं असं, की असामान्य माणसाच्या कर्तृत्वावरून सामान्य व्यवस्थेचं मोजमाप होत नाही. विजयाबाईंच्या तोडीची नावं सांगताना दोन्ही हातांची बोटं भरत नाहीत, याकडे ते बोट दाखवतात. हा दुसरा मुद्दा सहज बाजूला सारण्यासारखा नाही.

सुलभा देशपांडे यांची वाट निराळी होती. त्या शिक्षिका होत्या, दादरच्या छबिलदास शाळेत शिकवत. पती अरविंद देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर १९७१मध्ये ‘आविष्कार’ सुरू झाली आणि १९७४पासून छबिलदासचं सभागृह प्रायोगिक नाटकांचं घर झालं. आविष्कारचा बालविभाग म्हणजे ‘चंद्रशाला’. ‘दुर्गा झाली गौरी’ हे तिथलं नृत्यनाट्य मुलांच्या कितीतरी पिढ्यांनी केलं. शाळा, मुलं, तालीम आणि प्रयोग एकाच इमारतीच्या आसपास राहिले. पालकत्वाच्या प्रश्नाला मराठी रंगभूमीनं स्वतःच्या डोक्यानं काढलेलं सगळ्यात अस्सल उत्तर शोधायचं तर इथे शोधावं, असं प्रस्तुत लेखकाला वाटतं. मूल घरी ठेवून नाटकाला जाण्याऐवजी इथे मुलांसाठीच नाटकाचं घर उघडलं गेलं.

या वाटेवरही एक आक्षेप आहे. सुधा करमरकरांनी १९५९मध्ये ‘लिटल थिएटर’ सुरू केलं आणि रत्नाकर मतकरींच्या ‘मधुमंजिरी’नं बालरंगभूमीला प्रतिष्ठा मिळवून दिली. तेव्हापासून बालनाट्य हा जणू स्त्री-दिग्दर्शकांसाठी राखून ठेवलेला प्रांत झाला. ‘मुलांचं तुम्ही बघा, मोठ्यांचं आम्ही बघतो’ अशी वाटणी कोणी ठराव करून केली नव्हती, पण ती झाली. आईपणामुळे बालनाट्याकडे वळणं ही निवड होती की उरलेली एकच वाट होती, यावर आजही दोन मतं आहेत.

साडेसातचं नाशिक

नाशिकला नाटकाची परंपरा शोधावी लागत नाही. वि. वा. शिरवाडकरांनी १९५०मध्ये लोकहितवादी मंडळ उभं केलं. वसंत कानेटकर इथेच राहून लिहिते झाले. १८४०पासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयाचं परशुराम साईखेडकर नाट्यगृह, महापालिकेचं महाकवी कालिदास कलामंदिर आणि गंगापूर रस्त्यावरचं कुसुमाग्रज स्मारक ही इथल्या रंगकर्मींची नेहमीची ठिकाणं. राज्य नाट्य स्पर्धेच्या केंद्रावर इथे दरवर्षी चुरस असते. दत्ता पाटील यांनी लिहिलेलं आणि सचिन शिंदे यांनी दिग्दर्शित केलेलं पाणीटंचाईवरचं ‘हंडाभर चांदण्या’ याच मातीतून उगवलं.

या सगळ्याचा पाया हौशी आहे. शाळेत, बँकेत, कारखान्यात, वर्तमानपत्रात दिवसभर राबलेली माणसं संध्याकाळी एकत्र येतात. तालमीची वेळ सात, सुरुवात साडेसातला आणि शेवट होईपर्यंत दहा-साडेदहा. स्पर्धा जवळ आली की बारा.

अशा एखाद्या तालमीत डोकावलं की प्रश्न शब्दांशिवाय कळतो. ट्यूबलाइटखाली प्लास्टिकच्या चार खुर्च्या मांडून घराचं दार, खिडकी आणि पलंग केलेला असतो. कोपऱ्यात सतरंजीवर कुणाचं तरी पाच-सहा वर्षांचं पोर पालथं पडून संहितेच्या जुन्या पानांच्या पाठकोऱ्या बाजूवर चित्रं काढत असतं. नऊ वाजता त्याला भूक लागते, साडेनऊला झोप येते. दिग्दर्शिका असलेली त्याची आई एका हातानं त्याला थोपटते आणि दुसऱ्या हातातल्या पेन्सिलीनं दुसऱ्या अंकातली हालचाल बदलते. मूल तिथेच झोपलं की सगळे आपोआप हळू आवाजात वाक्यं म्हणू लागतात. त्या हळू आवाजात प्रवेशातला ताण निघून जातो, आणि तालीम पुन्हा दुसऱ्या दिवसावर जाते.

बाप दिग्दर्शक असेल तर ते मूल बहुधा सतरंजीवर नसतं. ते घरी असतं, आणि घरी कोणीतरी असतं.

पालकत्वाबद्दलच्या भूमिका

पहिली भूमिका शिस्तीची. नाटक ही समूहाची कला आहे, पंधरा-वीस माणसं आपली संध्याकाळ देतात, तेव्हा एकाच्या घरासाठी सगळ्यांची घडी विस्कटू नये, असं ती मांडणारे म्हणतात. यात नुसता कठोरपणा नाही. नोकरी करणाऱ्या नटांना संध्याकाळशिवाय वेळ नसतो, हॉल ठरलेल्या तासांसाठीच मिळतो आणि भाडं तासाप्रमाणे चढतं. ज्येष्ठ रंगकर्मी हे सांगतात तेव्हा त्यामागे त्यांची स्वतःची चाळीस-चाळीस वर्षं असतात.

दुसरी भूमिका वेळापत्रक बदलण्याची. आठवड्यात पाच रात्रींऐवजी शनिवार-रविवारच्या सकाळी, ज्या प्रवेशात ज्यांचं काम त्यांनाच बोलावणं, सहदिग्दर्शकाची खरीखुरी वाटणी, तालमीच्या जागी मुलांसाठी एक खोली आणि त्या खोलीत पगारी माणूस. व्यावसायिक नाटकात नटी बाळंतपणासाठी थांबली तर तिच्या जागी रिप्लेसमेंट येते. ही प्रथा जुनी आहे आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही. मग दिग्दर्शनाची जबाबदारी दोघांत वाटून घेण्यात अडचण काय, असा या बाजूचा सवाल आहे. त्यावर उत्तर येतं, की नटाची भूमिका लिहिलेली असते, दिग्दर्शकाच्या डोक्यातलं नाटक मात्र तालमीतच घडत असतं. ते दुसऱ्याच्या हाती देता येत नाही.

तिसरं म्हणणं थोडं अनपेक्षित आहे. दिग्दर्शन हेच पालकांना सगळ्यात सोयीचं काम आहे, असं काही जण मांडतात. व्यावसायिक नाटकाच्या तालमी महिना-दीड महिना, एकाच गावात. पडदा उघडला की दिग्दर्शक मोकळा. नटाला मात्र पुढची दोन-तीन वर्षं बसमधून दौरे करायचे असतात. हिशेब म्हणून हे बरोबर आहे. पण नटाला प्रत्येक प्रयोगाची ‘नाईट’, म्हणजे मानधन, मिळते. दिग्दर्शकाचा सगळा घाम तालमीत गळतो, आणि हौशी रंगभूमीवर तालमीला मोल नसतं. मुलाला सांभाळणाऱ्या बाईंना मात्र महिन्याच्या महिन्याला पैसे द्यावे लागतात.

शिक्षणाची वाटही इथेच अडते. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पूर्णवेळ, आणि प्रवेशाची वयोमर्यादा १८ ते ३०. बहुसंख्य घरांत लग्न आणि पहिलं मूल याच वयात होतं.

कायदाही फारशी मदत करत नाही. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्याच्या कक्षेत घोड्यांच्या आणि कसरतींच्या खेळांबरोबर ‘इतर प्रयोग’ दाखवणाऱ्या आस्थापनांचा स्पष्ट उल्लेख होता, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. २०१७च्या दुरुस्तीनं पगारी रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक झालं. पण त्यासाठी मालक हवा, कर्मचारी हवा, आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवसांचं काम हवं. या निर्मात्याकडे एक आणि त्या संस्थेकडे एक नाटक करणारी दिग्दर्शिका या चौकटीत बसत नाही. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही मातृत्व लाभाची मांडणी मालक आणि कर्मचारी याच नात्यावर उभी आहे.

ब्रिटनमध्ये २०१५मध्ये एक अभिनेत्री आणि एक दिग्दर्शिका, दोघी आया, यांनी ‘पेरेंट्स अँड केअरर्स इन परफॉर्मिंग आर्ट्स’ ही संघटना सुरू केली. नाट्यगृहांनी तालमीचं वेळापत्रक पुरेसं आधी द्यावं, कामाच्या वाटणीचे पर्याय खुले ठेवावेत, असा तिचा आग्रह आहे. नावातल्या दुसऱ्या शब्दाकडे लक्ष द्यायला हवं. आईबापांबरोबरच आजारी, वृद्ध किंवा अपंग माणसाचं करणारेही तिनं धरले आहेत.

बाराला एकचा उतार

सुगम्यतेच्या बाजूला कायदा बराच पुढे गेला आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६मध्ये संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७पासून लागू झाला. अपंगत्वाचे प्रकार ७वरून २१ झाले. त्याचं २९वं कलम थेट सांस्कृतिक जीवनाबद्दल आहे. अपंग कलावंत आणि लेखकांना सोयी आणि पाठबळ, कला सुगम्य करणं, कलाशिक्षणाच्या अभ्यासक्रमांची नव्यानं आखणी, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. सार्वजनिक इमारती सुगम्य करण्यासाठी नियम जारी झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती, ती २०२२मध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रातुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सुगम्यतेचे निकष नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असं ठरवलं. त्याच वर्षी मार्चमध्ये केंद्रानं चित्रपटगृहांसाठी ध्वनिवर्णन आणि उपशीर्षकांबद्दल सूचना काढल्या. जिवंत प्रयोग मात्र त्या सूचनांच्या कक्षेत येत नाहीत.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या अपंग व्यक्तींची संख्या सुमारे २९ लाख ६३ हजार होती. नाशिकपुरतं बोलायचं तर या विषयावर काम करणाऱ्या संस्थांचा इथे मोठा वारसा आहे. दृष्टिहीनांसाठी काम करणाऱ्या ‘नॅब’च्या महाराष्ट्र शाखेचं मुख्य केंद्र सातपूरला आहे. श्रवणदोष असलेल्या मुलांसाठी माई लेले श्रवण विकास विद्यालय आहे. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाच्या आई असलेल्या शिक्षिका रजनीताई लिमये यांनी १९७७मध्ये सुरू केलेली प्रबोधिनी आहे. रजनीताईंनी आपलं पालकत्व हेच आयुष्याचं काम केलं. प्रबोधिनीच्या कार्यक्रमांत मुलं रंगमंचावर येतात, टाळ्या मिळवतात. पण त्या टाळ्या आणि गावातली नाट्यचळवळ यांच्यामध्ये अजून रस्ता तयार झालेला नाही.

इमारतीपासून सुरुवात केली तर गणित सोपं आहे आणि अवघडही. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचं प्रमाण बाराला एक. रंगमंच तीन फूट उंच धरला तर उतार छत्तीस फूट लांब हवा. जुन्या नाट्यगृहांच्या विंगेत तेवढी जागा नसते. त्यामुळे प्रेक्षागृहाच्या दारात उतार होतो, पहिल्या रांगेपर्यंत चाकं येतात, आणि तिथे थांबतात. रंगमंच, रंगपट, विशेषतः प्रकाशयोजनेची खोली, जिथे अरुंद जिन्यानं जावं लागतं, ही दिग्दर्शकाच्या कामाची ठिकाणं त्या उताराच्या पलीकडे राहतात. सुगम्यता म्हणजे प्रेक्षकांची सोय, एवढ्यावरच बहुतेक आराखडे संपतात. अपंग माणूस नाटक बसवेल, ही शक्यता नकाशावर येतच नाही. या सगळ्या चर्चेतली सर्वांत मोठी फट हीच आहे.

वेगळा रंगमंच की तोच रंगमंच

महाराष्ट्रात अपंग कलावंतांबरोबरच्या नाटकाचं सगळ्यात ठळक काम स्वागत थोरात यांचं. ‘स्वातंत्र्याची यशोगाथा’मध्ये पुण्यातली ८८ दृष्टिहीन मुलं रंगमंचावर होती. पुढे १९ दृष्टिहीन कलावंतांना घेऊन त्यांनी ‘अपूर्व मेघदूत’ केलं. १५ फेब्रुवारी २००८ रोजी सुरू झालेलं ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेलमधलं मराठी पाक्षिकही त्यांचंच. दृष्टिहीन नटाबरोबर हालचाल बसवताना नेहमीची भाषा उपयोगी पडत नाही. ‘डावीकडे जा’ म्हणण्याऐवजी पावलं मोजावी लागतात, सहकलाकाराच्या आवाजावरून दिशा पक्की करावी लागते, पायाखालच्या चटईचा पोत बदलून रंगमंचाची कड कळवावी लागते. त्याला वेळ लागतो. पण दिसत असलेल्या नटांच्या हालचालींतला ढिसाळपणा अशा तालमीत लगेच उघडा पडतो, हेही तितकंच खरं.

राज्य शासनाच्या स्पर्धांत दिव्यांग बालनाट्याचा स्वतंत्र गट आहे. त्याचे समर्थक म्हणतात, आधी हक्काचा रंगमंच मिळू द्या, सराव होऊ द्या, मग मुख्य प्रवाहाचं बघू. विरोधातलं मत असं, की वेगळा गट म्हणजे वेगळे निकष, आणि वेगळे निकष म्हणजे कौतुकाच्या टाळ्या. तिथे परीक्षक नाटकाकडे बघत नाहीत, धडपडीकडे बघतात. कोलकात्यात झरीन चौधरींनी १९७३पासून कर्णबधिर कलावंतांबरोबर ‘द अ‍ॅक्शन प्लेयर्स’ चालवलं, तेव्हापासून हा वाद भारतात या ना त्या रूपात सुरू आहे.

भूमिका कोणी करायची, हा त्याला जोडून येणारा मुद्दा. जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’नं बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाच्या आईबापांची घुसमट मराठी प्रेक्षकांच्या काळजाला भिडवली. पालकत्व आणि अपंगत्व दोन्ही एकत्र आलेलं हे मराठीतलं फार महत्त्वाचं नाटक. अशा भूमिका अपंगत्व नसलेले नट करतात आणि त्यांचं कसब वाखाणलं जातं. नटाचं कामच परकाया प्रवेशाचं, असं एक म्हणणं. दुसरं असं, की ज्यांना इतर कोणत्याच भूमिका मिळत नाहीत त्यांच्याकडून निदान या तरी काढून घेऊ नयेत.

तिसरा विचार इंग्लंडमधल्या ‘ग्रेआय’ या नाट्यसंस्थेच्या कामातून पुढे आला. १९८०मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या जेनी सीली या १९९७पासूनच्या प्रमुख, स्वतः कर्णबधिर. २०१२च्या लंडन पॅरालिम्पिकच्या उद्घाटन सोहळ्याच्या दोन दिग्दर्शकांपैकी त्या एक. सांकेतिक भाषा, मथळे, ध्वनिवर्णन ही नाटक तयार झाल्यावर बाजूला जोडायची सोय नाही. पहिल्या वाचनापासून ती नाटकाच्या रूपाचा भाग असली पाहिजे, असं हा विचार सांगतो.

मराठीला हे वाटतं तितकं परकं नाही. संगीत नाटक मुळातच कानांनी पाहता येतं आणि आकाशवाणीच्या नभोनाट्यानं पिढ्यांना डोळे मिटून नाटक ऐकायची सवय लावली. ‘देवबाभळी’चंच उदाहरण घेता येईल. दोन बायका, त्यांचं बोलणं, त्यांचं गाणं यांवर पेललेलं हे नाटक दृष्टिहीन प्रेक्षकापर्यंत बरंचसं असंच पोचेल. त्याला सांगावं लागेल ते न बोललेलं: पायाची पट्टी कोण सोडतंय, नजर कुणी चुकवली. प्रयोगाआधी दहा मिनिटं रंगमंचावर नेऊन नेपथ्य आणि नेसूची लुगडी हातांनी पाहू दिली तर उरलेलंही भरून निघेल. कर्णबधिर प्रेक्षकासाठी मराठी मथळे हवेत. परगावच्या महोत्सवांत इंग्रजी मथळे दाखवण्यासाठी जी यंत्रणा लागते तीच इथे चालते. मराठी नाटकाला नेमानं येणाऱ्या प्रेक्षकांत ज्येष्ठ नागरिक मोठ्या संख्येनं असतात आणि वयाबरोबर कान मंदावतातच. मथळ्यांचा उपयोग त्यांनाही होईल.

दोन्ही प्रश्न एकत्र बांधावेत का?

इथे मतभेद सर्वांत नाजूक आहे. पालकत्व आणि सुगम्यता एकत्र मांडणाऱ्यांचा मुद्दा वेळेचा आहे. रात्री साडेदहापर्यंत चालणारी, मध्ये विश्रांती नसलेली, आयत्या वेळी बदलणारी तालीम बाळंतिणीला झेपत नाही, तशीच कुबड्या घेऊन शेवटची बस पकडणाऱ्या माणसालाही झेपत नाही. वेळापत्रक आधी ठरवलं, जागा पायऱ्यांविना निवडली, कामाची वाटणी केली, तर दोघांनाही दार उघडतं.

अपंग हक्कांच्या चळवळीतून यावर सावध सूर येतो. मूल मोठं होतं, पालकांची अडचण दहा वर्षांत ओसरते. अपंगत्व ओसरत नाही, आणि त्यात ओसरण्यासारखं काही आहे असं मानणंच चूक. शिवाय अपंग प्रौढांना आयुष्यभर मुलासारखं वागवलं गेलं आहे. पाळणाघर आणि सांकेतिक भाषेचा दुभाषी एकाच यादीत आले की तोच जुना समज बळावतो. हा आक्षेप रास्त आहे आणि तो धरूनच पुढे जावं लागेल. पण अपंग आया आणि अपंग बापही असतात, ते या दोन्ही याद्यांत आहेत आणि त्यांच्याबद्दल दोन्ही बाजू अगदी कमी बोलतात. शब्दांचा वादही मिटलेला नाही. शासनाचा शब्द ‘दिव्यांग’ आहे आणि २०२२पासून राज्यात त्या नावाचा स्वतंत्र विभागही आहे. अनेक कार्यकर्ते ‘अपंग’ हाच शब्द आग्रहानं वापरतात.

हिशेबाच्या वहीतल्या ओळी

कोणत्याही भूमिकेच्या शेवटी गाडी पैशांवर येते. काहींना वाटतं, नाट्यगृहं महापालिकांची आहेत, तेव्हा उतार, लिफ्ट, मुलांची खोली ही त्यांची जबाबदारी. राज्यातल्या काही जुन्या नाट्यगृहांत रडणाऱ्या बाळासाठी काचेची ‘क्राय रूम’ बांधलेली आहे. म्हणजे प्रेक्षक असलेल्या आईचा विचार महाराष्ट्रात पूर्वीच झालेला होता. दुसरा गट शासनाच्या अनुदानात अशा खर्चाचं वेगळं शीर्षक मागतो. निर्मात्यांचं म्हणणं, तिकिटाचा दर वाढला तर प्रेक्षक तुटतो आणि न वाढवता हा भार पेलणं अशक्य आहे. काही संस्थांनी आहे त्यातच सुरुवात करावी, असं सुचवणारेही आहेत: महिन्याचं वेळापत्रक पहिल्याच दिवशी, तळमजल्यावरचा हॉल, तालमीची वेळ रात्री नऊच्या पुढे नाही.

दुभाष्याचा प्रश्न त्यातला सर्वांत ताजा. भारतीय सांकेतिक भाषेसाठी २०१५मध्ये दिल्लीत राष्ट्रीय संस्था स्थापन झाली, पण नाटकातली मराठी म्हणजे म्हणी, श्लेष, अहिराणी-वऱ्हाडीचे हेल. ते हातांत उतरवायचं तर दुभाषी प्रयोगाच्या दिवशी बोलावून भागत नाही, पहिल्या वाचनापासून तो तालमीत हवा. मग तो कलावंत की तंत्रज्ञ? त्याला नाईट द्यायची की ठोक रक्कम? स्पर्धेत उतरणाऱ्या संस्थेचं अंदाजपत्रक अजूनही एका पानाचं असतं: हॉलचं भाडं, नेपथ्य, प्रकाश, वेशभूषा, रंगभूषा, टेम्पो, चहा-वडापाव. दुभाष्याची आणि मुलं सांभाळणाऱ्या बाईंची ओळ त्यात कुठे घालायची, आणि ती घातल्यावर कुठली ओळ खोडायची, यावर अजून एकमत झालेलं नाही.